अर्ध्यावर तोडलेला हेल

ताईला घरातून नेण्याआधी मी आईच्या तोंडावर हात ठेवला. ही गोष्ट मी दोन वर्षं कुणालाही सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही. तो तर त्या वेळी दोन हात अंतरावर उभा होता.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मुदखेडच्या पोस्टात काउंटरवर बसायची. नांदेडहून सकाळच्या गाडीनं जायची आणि दिवेलागणीच्या आत घरी यायची. लग्न केलं नव्हतं. कुणी त्याबद्दल विचारलं की म्हणायची, "दिवसभर अख्ख्या तालुक्याशी बोलते, घरी आल्यावर अजून एकाशी कोण बोलणार?" म्हातारी माणसं पत्ता लिहून घ्यायला तिच्याच खिडकीशी थांबायची, दुसरी खिडकी रिकामी असली तरी. आई-पप्पांजवळ तीच राहायची. मी लग्न होऊन लातूरला आले. नवरा औशाच्या शाळेत शिक्षक आहे, मी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते.

पावसाळा संपता संपता ताईला ताप आला. तिचे रिपोर्ट माझ्या फोनवर यायचे आणि मी ते लॅबच्या सवयीनं वाचायची. प्लेटलेट्स उतरत होत्या. असे रिपोर्ट मी शेकड्यानं पाहिलेले. बहुतेक माणसं बरी होऊन घरी जातात हेही पाहिलेलं. पाचव्या दिवशी दुपारी आलेला रिपोर्ट वाचला आणि उठून बॅग भरली. बस अहमदपूरच्या पुढं गेली नसेल तोच पप्पांचा फोन आला. पप्पा म्हणाले, "सावकाश ये. आता घाई नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीत ताईची शवपेटी होती. आमचं घर लहान, माणसं ओट्यापर्यंत उभी. माझे सासरचे आले होते, लॅबमधल्या दोघी आल्या होत्या, ताईच्या पोस्टातली सगळी मंडळी आली होती. चर्चचे पाळक नवीन होते, तिशीतले, बोलायला मऊ. त्यांनी प्रार्थना केली. आता झाकण लावायचं म्हणून पोस्टातले दोघं पुढं झाले आणि आईनं हेल काढला.

ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना सांगायला हवं. आमच्याकडच्या खेड्यांत बाया नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाशी बोलत रडतात. एक ओळ सुरात ओढायची, तिच्या टोकाशी श्वास तुटेपर्यंत जायचं, मग दुसरी ओळ. आई धर्माबादकडच्या खेड्यातली. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, आसपासच्या गावांत कुणी गेलं की मुद्दाम बोलावणं यायचं. आजोळी तीन पिढ्यांपासून सगळे ख्रिस्ती, पण हेल काही गेला नव्हता. मी मात्र आईच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता. नांदेडला आल्यापासून तिनं काढलाच नव्हता.

"कसं गं माझे माय," आईनं सुरू केलं, "कसं गं झालं... गाडीचा टाइम झाला गं तुझा... डबा म्या भरून ठिवला गं... खिडकीत तुझ्या बसंल कोण गं..."

आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण आतून कुठून तरी निघालेला, जुना. ओट्यावरची माणसं आत डोकावली. लॅबमधल्या एकीनं दुसरीकडे पाहिलं. पाळक पुढं आले आणि हळूच म्हणाले, "आई, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. आपण गीत गाऊ या." पप्पांनी मान खाली घातली. आई थांबली नाही. तिनं पुढची ओळ उचलली, "कसं गं माझे..." आणि मी वाकून तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाले, "आई, बस. लोक बघतायत."

ती मध्येच थांबली. माझ्या तळहाताला तिचे ओठ लागले होते, ते मिटले ते कळलं. मग सगळ्यांनी गीत म्हटलं. आईनं म्हटलं नाही.

त्यानंतर आई मुकी झाली असं मी म्हणणार नाही. मेथी महाग झाली, गॅस संपला, शेजारच्या नळाला पाणी आलं, हे सगळं ती बोलायची. फोनवर माझ्या मुलीचा अभ्यास विचारायची. पण देवाशी ती बोलेना. आमच्या घरी संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना असते. पप्पा वाचतात, मग प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे. आईची पाळी आली की ती डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघायची. पप्पा थोडं थांबायचे आणि 'आमेन' म्हणून टाकायचे. चर्चमध्ये गीताचं पुस्तक मांडीवर मिटलेलं असायचं. पहिल्या नाताळाला मी विचारलं, "आई, गात का नाहीस?" म्हणाली, "घसा धरलाय." दुसऱ्या नाताळालाही घसाच धरलेला होता.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब राहतं. तीन पिढ्या शिवणकाम. घरातल्या मोठ्या बाईंना आई आपा म्हणते, त्या आईला भाभी म्हणतात. ताई गेल्यापासून आपा रोज दुपारी यायच्या आणि आईजवळ बसायच्या. तूर निवडायच्या, नाहीतर शर्टाला काज करायच्या. मी सुट्टीत गेले असताना एकदा मला ओट्यावर गाठून म्हणाल्या, "बेटा, तुमारी अम्मी रोई नईं अब तक. मैं बोली, भाभी, रो लेव, अल्लामियाँ बुरा नईं मानते. तो क्या बोले मालूम? बोले, म्या रडत होते, लेकीनं बंद केलं."

आपांच्या बोलण्यात ठपका नव्हता. त्या फक्त निरोप देत होत्या. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि चहा न ठेवताच मोरीत जाऊन उभी राहिले.

लातूरला आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा महिला संघाची सभा असते. संदेश द्यायची पाळी फिरती. त्या वर्षी माझी पाळी आली आणि विषय मिळाला 'संकटात स्तुती'. मी दोनदा लिहायला बसले, दोन्ही वेळा कागद फाडला. मग कुणीतरी सुचवलं, सरांना विचार. सर म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षण शाळेत इब्री, म्हणजे हिब्रू भाषा शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. ऐंशीच्या घरातले, लातूरला लेकीकडे राहायचे, शनिवारी दुपारी येईल त्याला बायबलचा जुना करार समजावून सांगायचे. येणारे फार नव्हते. मी गेले त्या शनिवारी मी एकटीच.

विषय ऐकून सर म्हणाले, "स्तुती कुठून आणणार? आधी संकट तर बोलू द्या."

त्यांनी स्तोत्रांचं पुस्तक उघडलं आणि मला एकेक दाखवायला लागले. मी लहानपणापासून ती ऐकत आले होते, पण पप्पा वाचायचे ती मेंढपाळाची, डोंगराची, आभाळाची, उपकार मानण्याची. सरांनी दाखवली ती वेगळीच. तू झोपलास का, असं देवाला विचारणारी. माझ्याकडे पाठ का केलीस, असं विचारणारी. कुठवर, कुठवर, असं चार चार वेळा विचारणारी. हाडं, घसा, डोळे सगळं झिजल्याचं सांगणारी. सर म्हणाले, "मोजायला बसलीस तर थक्क होशील. हे प्रार्थनेचं पुस्तक आहे, आणि यात रडणाऱ्यांनी केवढी जागा अडवलीय बघ."

"पण सर, शेवटी सगळी वळतात ना? विश्वासाकडे?"

"बहुतेक वळतात. रडणं, मागणं, मग भरवसा. वळायला किती वेळ लागला हे मात्र लिहिलेलं नाही. दोन ओळींच्या मधे दोन वर्षंही गेली असतील." मग त्यांनी पानं उलटली. "आणि हे वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. रोज सकाळी हाक मारणाऱ्या माणसाचं ते गाऱ्हाणं होतं. तो देवाला विचारत होता की मेलेले तुझं नाव घेणार आहेत का? तू माझी माणसं माझ्यापासून तोडलीस, असं तोंडावर सांगत होता. शेवटची ओळ अंधारात संपली. मी पुढची ओळ शोधत पान उलटलं.

"पुढं नाही," सर म्हणाले. "तिथंच संपतं. ज्यांनी हे पुस्तक जुळवलं त्यांना शेवटाला एखादी बरी ओळ जोडता आली नसती का? नाही जोडली."

मी विचारलं, "देवाशी असं बोलणं पाप नाही?"

"ज्याच्याशी संबंध उरला नाही त्याच्याशी कुणी भांडतं का?" त्यांनी चष्मा पुसला. "यरुशलेम शहर पडलं तेव्हाची विलापगीतं आहेत, तीही बघ. पहिलाच शब्द इब्रीत 'एखा'. एखा म्हणजे 'कसं'. 'कसं गं झालं हे', असं. तिथं शहरच बाई झालंय, एकटी बसलेली."

त्या शब्दाला मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. सरांचं लक्ष नव्हतं. ते पुढं सांगत होते की संदेष्ट्यांच्या पुस्तकात एके ठिकाणी शोक करण्यात हुशार असलेल्या बायांना बोलावून आणा म्हटलंय. त्यांनी रडावं म्हणजे आमच्या डोळ्यांना पाणी येईल, आणि त्यांनी आपल्या लेकींनाही ते शिकवावं. "म्हणजे ती विद्या होती," सर म्हणाले. "बायांकडे होती. आईकडून लेकीकडे जायची."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ताईचं, आजीचं, हाताचं. दोन वर्षांत पहिल्यांदा. सांगताना वाटत होतं, हे आता काही तरी बोलतील, देव क्षमा करतो वगैरे. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? आईला जाऊन सांग."

पुढच्या रविवारी मी नांदेडला गेले. पप्पा चर्चहून येऊन पेपर वाचत होते. आई स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर बसले, चार पाकळ्या सोलल्या आणि म्हणाले, "आई, त्या दिवशी मी तुझ्या तोंडावर हात ठेवला."

"हाव," आई म्हणाली. लसूण सोलणं चालूच.

"मी चुकले."

"हात लई गार होता तुझा." तिनं सालं बाजूला सारली. "मला वाटलं, माझी हीच लेक गेली का काय. इतका गार."

 तीच पुढं म्हणाली, "राग आला तुझा. न्हाई म्हणत न्हाई. पर तुझा मागून आला. आधी त्याचा आला." तिनं वर पाहिलं, छताकडे. "माझ्या घरात येऊन त्याच्याच माणसानं सांगावं, रडू नको म्हणून? मंग म्या बोलायचंच सोडलं. न्हाई ना रडू देत, बोलणार बी न्हाई."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. म्हणाले, "एक वाचू का?" तिनं पुढची पाकळी उचलली. मी सरांनी वाचायला लावलेलं ते स्तोत्र वाचलं. आई सोलता सोलता थांबली. संपलं तेव्हा म्हणाली, "पुढं?"

"पुढं नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं. आई पुढं सरकून बसली. "हे कुणी लिव्हलं? बाईनं?"

"कुणा गाणाऱ्याचं आहे म्हणतात."

"लई भांडून राहिला की ह्यो." मग पुस्तकाकडे बघत, "आन् देवानं हे ऱ्हाऊ दिलं? त्याच्याच पुस्तकात? फाडून न्हाई टाकलं?"

"नाही टाकलं."

आईनं लसणाची टोपली उचलून गॅसच्या ओट्यावर ठेवली आणि सरळ बाहेरच्या खोलीत गेली. मी मागोमाग. पप्पांच्या समोर उभं राहून ती म्हणाली, "तीस वर्सं तुमी घरी वाचलं, चर्चमदी वाचलं. हे कामून न्हाई वाचलं कव्हा?"

पप्पांनी पेपर खाली केला. माझ्या हातातलं पुस्तक बघून त्यांना कळलं असावं. ते म्हणाले, "माहीत होतं. ती पानं मी सोडून द्यायचो. लोक रविवारी बरं वाटायला येतात."

"आन् पोरगी गेल्यावर?"

"पोरगी गेल्यावर..." पप्पांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली. "पोरगी गेल्यावर वाचलं असतं तर मला पुढं वाचताच आलं नसतं. मी तिथं उभा राहून रडलो असतो."

"मंग रडायचं ना," आई म्हणाली. एवढंच. पण तिनं पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि त्या घरात दोन वर्षांत मी तसं पाहिलं नव्हतं.

ताईच्या दुसऱ्या वर्षदिनाला महिना राहिला होता. आमच्यात त्या आठवड्याच्या रविवारी उपासनेत आठवण करतात, घरचं कुणीतरी पाठ वाचतं. मागच्या वर्षी पप्पांनी वाचला होता. आईनं स्वतः पाळकांना सांगितलं, या वेळी मी वाचणार. पाळकांना आनंद झाला. बाई सावरली असं त्यांना वाटलं. कोणता पाठ ते त्यांनी विचारलं नाही.

आई सातवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून वाचते. तो महिनाभर ती रोज दुपारी आपांना ते वाचून दाखवायची. आपांनी काज करता करता ते अर्धं पाठ केलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या रविवारी आपाही आल्या, डोक्यावरून ओढणी घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या.

आई पुढं गेली. पहिल्या चार ओळी तिनं शाळेतल्या मुलासारख्या वाचल्या, एकेक शब्द सुटा. पाचव्या-सहाव्या ओळीला तिचं बोट थांबलं. तिनं मान वर केली, आणि पुढची ओळ तिनं वाचली नाही, ओढली. ओळ पुस्तकातलीच होती, सूर धर्माबादकडचा. त्याच्या पुढची ओळ पुस्तकातली नव्हती. "कसं गं माझे माय, कसं गं झालं... दोन वर्सं म्या तोंड शिवलं गं... तुझ्या खिडकीत दुसरी बसली गं... तिला म्या पाहून आले गं..."

ती मुदखेडला जाऊन आली होती. एकटी, सकाळच्या गाडीनं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

माझं काय झालं ते खरं सांगते. मला लाज वाटली. एवढं सगळं शिकून, सरांकडे जाऊन, आईची माफी मागूनसुद्धा. कुणीतरी वळून पाहिलं, एक लहान मूल घाबरून आईच्या कुशीत शिरलं, आणि माझे पाय उठायला लागले. मी बाकाची कड धरून बसले. पाळक उठले होते. त्यांनी आईकडे एक पाऊल टाकलं, मग पहिल्या बाकावर पप्पा रडत होते ते त्यांना दिसलं. मोकळेपणी, तोंड न झाकता. पाळक परत जाऊन बसले.

आईनं पुस्तकात परत बोट ठेवलं, दोन ओळी वाचल्या, पुन्हा ताईकडे वळली. मग देवाकडे वळली आणि त्यालाही त्याच सुरात विचारलं, कुठवर. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. डाव्या बाजूला एक बाई रडायला लागली. तिचा नवरा तीन महिन्यांपूर्वी गेला होता. तिच्या मागची रडली. तिचं कोण गेलं होतं ते मला आजही माहीत नाही. एक गृहस्थ उठून बाहेर गेले. शेवटच्या ओळीशी आली तेव्हा आईनं ती पुन्हा साधी वाचली, पुस्तक मिटलं आणि आपल्या जागेवर येऊन बसली. तिला घाम आला होता. माझ्याकडे वळून म्हणाली, "पाणी हाय का?"

उपासनेनंतर बाहेर गेलेल्या गृहस्थांनी पाळकांना गाठलं. "हे आपल्यात चालत नाही साहेब. अशानं बाहेरची माणसं काय म्हणतील?" पाळकांनी त्यांचं ऐकून घेतलं. मग ते आमच्याकडे आले आणि आईला म्हणाले, "आई, त्या दिवशी मी तुम्हाला थांबवलं. मला वाटलं, मी तुम्हाला आधार देतोय."

आई म्हणाली, "तुमी लहान हाव. शिकाल."

घरी गेल्यावर संध्याकाळच्या प्रार्थनेत पप्पांनी वाचलं. आईची पाळी आली. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "देवा, माझा राग हाय तुझ्यावर. जाईल तव्हा जाईल. पर आजपासून तू ऐकत बस." आणि 'आमेन' तिनं स्वतः म्हटलं.

राग लगेच गेला नाही. अजूनही कधी कधी येतो. पण ती गायला लागली, आधी गुणगुणत, मग नीट. चर्चमध्ये महिन्याच्या एका रविवारी आता रडणारी स्तोत्रं वाचतात. त्या रविवारी ते गृहस्थ येत नाहीत, आणि त्यावर कुणी काही बोलतही नाही. कुणाच्या घरी दुःख झालं की आईला बोलावणं येतं. ती जाते. गाते असं नाही. पुष्कळदा नुसती बसते.

हे सगळं मी लातूरला सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढं झाले. "मला त्यांना ऐकायचंय," म्हणाले. लेकीचा विरोध होता, या वयात एवढा बसचा प्रवास कशाला म्हणून. पण ते हट्टाला पेटले. हिवाळ्यातल्या एका सकाळी मी त्यांना घेऊन नांदेडला आले. पप्पा त्यांना आणायला स्टँडवर उभे होते.

जेवण झाल्यावर सर वही उघडून बसले. आईला इतके प्रश्न कुणी कधी विचारले नसतील. ओळी आधी ठरवता का? आजीनं कसं शिकवलं? 'कसं' हा शब्द दर वेळी पहिला येतो का? आई आधी लाजली, मग रंगात आली. म्हणाली, "ठरवायचं काय त्यात? मानूस डोळ्यापुढं उभं करायचं. त्याचा हात काय करायचा, पाय कुठं जायचा, ते बगायचं. मंग तेच सांगतंय."

"आणि किती ओळी?"

"जेवढा मानूस, तेवढ्या."

सरांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी आईला इब्रीतली विलापगीताची सुरुवात म्हणून दाखवली. दुसरी ओळ पहिलीपेक्षा आखूड, लंगडत चालल्यासारखी. आईनं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, "बराबर हाय. दुसऱ्या टायमाला दम पुरत न्हाई." सर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं होतं, दम पुरत नाही हे कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारच्या बसची वेळ झाली. सरांनी वही पिशवीत टाकली, पप्पांशी हात मिळवला, चपला घातल्या. उंबऱ्याशी ते घुटमळले. मला वाटलं काही विसरलं. माझ्याकडे न बघता ते आईला म्हणाले, "बाई, माझी पत्नी जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवशी मी स्वतःच प्रार्थना चालवली. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. पण... तिच्यासाठी काढता येईल का?"

आईनं त्यांच्या चपलांकडे पाहिलं, मग म्हणाली, "बसा. त्या कशा होत्या ते सांगा."

सर परत आत आले, चपला घालूनच. आईनं विचारलं, त्या तुम्हाला काय म्हणून हाक मारायच्या? भाकरी जाड करायच्या का पातळ? रागावल्या की बोलायच्या का गप्प बसायच्या? सरांना आधी आठवेना. मग एकेक आठवायला लागलं. त्या 'अहो मास्तर' म्हणायच्या. भाकरी जाड, आणि कडेला हमखास करपलेली. रागावल्या की भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायच्या. सांगता सांगता ते हसले आणि हसताना त्यांचा आवाज चिरकला. आपा हातातलं काम घेऊन येऊन बसल्या होत्या. त्यांनी सुई थांबवली.

आई पदर सावरून सरांच्या समोर बसली, डोळे मिटले आणि सुरू केलं, "कसं हो मास्तर, कसं हो झालं..." ती त्या बाईंच्या तोंडून बोलत होती. घासलेली भांडी परत कोण घासणार, असं विचारत होती. करपलेली कड आता कुणाच्या ताटात जाणार, असं विचारत होती. दहा-बारा ओळी झाल्या असतील. सरांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. मग त्या ऐंशी वर्षांच्या माणसानं, ज्याला ती सगळी स्तोत्रं मूळ भाषेत येत होती, तोंड उघडलं आणि आईच्या ओळीमागं स्वतःची एक ओळ ओढली. बेसूर, मराठीत, "कसं गं झालं..." पुढचे शब्द त्यांना सापडेनात. आईनं ती ओळ उचलून पुरी केली आणि पुढची त्यांच्यासाठी सोडून दिली.

ती बस गेली. पप्पांनी सरांच्या लेकीला फोन करून सांगितलं, आज मुक्काम इथंच. आईनं रात्रीसाठी तांदूळ निवडायला घेतले आणि सरांना विचारलं, वरण घट्ट चालेल का पातळ.